छप्पर उतरवलेली फोर्ड

डिलाईल रोडला आमची नेमणूक दोनदा झाली. पहिल्यांदा १९९८ साली, गुरुदीक्षेचे तेल हातावर अजून ओले असताना, सहाय्यक धर्मगुरू म्हणून. आणि दुसऱ्यांदा केस पिकल्यावर. या दोन नेमणुकांच्या मधल्या काळात मथुरादास व अपोलो या गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्या आणि मनोरे उभे राहिले, भोंगे मुके झाले, बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाला आरंभ झाला. रेल्वेवरचा पूल २०१८ साली बंद पडला तो पुरता खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. रस्त्याला नारायण मल्हार जोशी यांचे नाव पडून कित्येक दशके लोटली, तरी टॅक्सीवाला त्याला डिलाईल रोडच म्हणतो, आणि आम्हीही.

सांगायचे आहे ते मात्र एका मोटारीविषयी. ती आमच्या तळहातावर सहज मावते आणि तिला छप्पर नाही.

१९९८ च्या आगमनकाळात आमच्या लक्षात आले की सॅक्रिस्टीतील मेणबत्त्यांचे तुकडे नाहीसे होत आहेत. वेदीसेवकांपैकी दहावीतला एक मुलगा खिशात हात घालून लगबगीने निघालेला दिसला. आम्ही त्याला थांबवले. खिशातून मेणाचे चार थोटके निघाले. "कशाला रे?" म्हणून दरडावताच तो म्हणाला, "फादर, प्लास्टिक ताणायला." हे उत्तर आम्हांस कळले नाही. कळून घ्यावे असेही तेव्हा वाटले नाही. पुन्हा असे करू नकोस, एवढे बजावून आम्ही त्याला सोडले.

ते कोडे नाताळानंतर उलगडले. घरांना आशीर्वाद देत आम्ही त्याच्या चाळीत गेलो. १६० चौरस फुटांची ती खोली, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, आणि तिच्याखालच्या फळीवर, दिव्याच्या शेजारी, दोन इवल्याशा मोटारी. एक लालचुटुक, एक काळी. पुढची चाके उघडी, मडगार्ड काढून टाकलेले, इंजिन उघड्यावर. मुलाचे वडील गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि इतर हजारोंप्रमाणे त्यांचीही नोकरी त्यात गेली ती गेलीच. आम्ही भेटलो तेव्हा ते एका बांधकामावर रात्रीचे पहारेकरी होते. मूळचे मालवणकडचे; एरवी अबोल माणूस. पण त्या दिवशी मोटारींकडे आमची नजर गेली आणि ते बोलू लागले.

त्यांचा मेहुणा जहाजावर होता. त्याने अमेरिकेतून भाच्यासाठी एक खोका आणला होता : ए.एम.टी. कंपनीचा, १९३२ सालच्या फोर्डचा प्लास्टिकचा संच, मूळ गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा. खऱ्या फोर्डच्या दोन आसांत १०६ इंचांचे अंतर. या गाडीत ते सव्वाचार इंच. ही कंपनी एकाच खोक्यात तीन तऱ्हांचे भाग घालत असे. गाडी कारखान्यातून निघाली तशी करावी, शोभेची करावी किंवा शर्यतीची करावी. म्हणजे एक गाडी जोडून झाली तरी दोन गाड्यांचे पुष्कळ भाग शिल्लक उरतात. त्या उरलेल्या भागांना मेहुण्याने पुढच्या खेपेस आणलेल्या दुसऱ्या खोक्यातील भागांची जोड मिळाली आणि बापलेकांचा संसार सुरू झाला.

या जातीच्या मोटारींना अमेरिकेत 'हॉट रॉड' म्हणतात. आम्ही पुढे त्यांच्याविषयी थोडे वाचले. १९३२ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाच्या मोटारीत प्रथमच आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले, ६५ अश्वशक्तीचे. मंदीच्या त्या दशकात आणि त्यानंतर कॅलिफोर्नियातील तरुण पोरे जुन्या, मोडीत निघालेल्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेत, अंगावरचा अनावश्यक पत्रा काढून टाकत, छप्पर कापून खाली आणत, इंजिनावर स्वतःच्या हाताने कारागिरी करत आणि शहराबाहेरच्या कोरड्या तलावांच्या कडक तळावर त्या पळवत. १९३७ साली त्यांनी आपली संघटना बांधली. महायुद्धातून यंत्रकाम शिकून परतलेल्या जवानांनी या छंदाला बळ दिले. पुढे याच मोटारींच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती खोक्यांतून जगभर गेल्या. त्यांतला एक खोका डिलाईल रोडला आला.

फिटरकाकांना हा इतिहास ठाऊक नव्हता. पण गाडी पाहून त्यांना जे समजले ते आम्हांस ग्रंथ वाचूनही समजले नव्हते. "कंपनीन दिली तशी गाडी कोनय चलवता, फादर," ते म्हणाले, "आपली करूक होयी."

त्यांनी आम्हांस एकेक गोष्ट दाखवली. संचातील भाग प्लास्टिकच्या दांड्यांना चिकटलेले येतात. ती रिकामी दांडी मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवून, मऊ होताच ताणली की केसासारखी तार निघते. दाराच्या मुठी, एरियल, पेट्रोलची नळी सारे त्यातून होते. आमच्या मेणबत्त्या तिथे गेल्या होत्या! चकाकीसाठी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद. धुराड्याला बॉलपेनच्या रिकाम्या रिफिली. जळक्या मोटारीच्या वायंडिंगमधून सोडवलेली तांब्याची तार इंजिनाच्या आठ प्लगांना जोडलेली, आणि ती कुठल्या क्रमाने पेटतात तेही त्यांनी पाठ म्हणून दाखवले : १-५-४-८-६-३-७-२. रंग म्हणजे मुलाच्या बहिणीचे नेलपॉलिश. ते थेट जाड लावल्याने पहिल्या गाडीचे बॉनेट सुरकुतले होते. तेव्हापासून अगदी पातळ हात, आणि एक नीट वाळल्यावर दुसरा. फेव्हिकॉल या प्लास्टिकवर धरत नाही. फेव्हिक्विकने काचेवर धुरकट पांढरा थर येतो. म्हणून रंगाऱ्याकडून आणलेला थिनर ब्रशाच्या टोकाने सांध्यावर सोडायचा. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून एकजीव होतात. "चिकटवणां नाय ह्यां, वेल्डिंग आसा," फिटरकाका म्हणाले.

तिसऱ्या गाडीचे काम तेव्हा चालू होते. तिचे छप्पर उतरवायचे होते. खऱ्या गाडीचे छप्पर ३ इंच खाली आणायचे तर या प्रमाणात ते सुमारे ३ मिलिमीटर भरते. सारे खांब दोन ठिकाणी समान उंचीवर कापायचे आणि मधला तुकडा काढून छप्पर खाली बसवायचे. सांगायला एवढेच. परंतु खांब सरळसोट नसतात, किंचित कललेले असतात. खाली आणलेल्या छपराची टोके खालच्या खांबांच्या टोकांवर येतच नाहीत. मग छप्पर आडवे कापून मध्ये पट्टी भरायची, दांडीचा चुरा थिनरमध्ये विरघळवून त्या लेपाने फटी बुजवायच्या, वॉटर पेपरने घासायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा घासायचे. मुलाने हॅक्सॉच्या तुटक्या पात्याने खांब कापले होते. वडील कानशीने टोके सपाट करत होते.

आम्ही हसून म्हणालो, "छान खेळणे आहे."

"ह्यां खेळणां नाय, फादर," ते म्हणाले. "ह्यां काम आसा."

आम्ही पाणी शिंपडले आणि पुढच्या दारी गेलो.

इथे आमच्या शिक्षणाविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही पोप जॉन पॉल दुसरे यांचे 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' हे मानवी श्रमावरील परिपत्रक अभ्यासले होते. ते १४ सप्टेंबर १९८१ रोजी प्रसिद्ध झाले, म्हणजे मुंबईचा गिरणी संप सुरू होण्याच्या चार महिने आधी. श्रमाचे मोल प्रथमतः तो करणाऱ्या माणसावरून ठरते, हा त्याचा गाभा आम्ही परीक्षेत व्यवस्थित मांडला होता. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या व्यवसायासाठी योजलेल्या 'तेक्तोन' या ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ सुतार नसून हाताने घडवणारा कारागीर असा व्यापक आहे, हेही आम्ही प्रवचनांतून मोठ्या हौसेने सांगत असू. दर नाताळात थर्माकोल-पुठ्ठ्याच्या गोठ्यांना बक्षिसेही वाटत असू. (थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात बंदी आली ती २०१८ साली, त्यापूर्वीच्या गोठ्यांत बेथलेहेमला हिमवर्षाव फार होई.) गोठा म्हणजे भक्ती आणि मोटार म्हणजे चैन, अशी आमची सोपी वाटणी होती.

जानेवारीत मुलाची आई प्रगतिपुस्तक घेऊन आली. पूर्वपरीक्षेत गणितात २१ गुण. "फादर, तुम्हीच सांगा त्याला, आमचं ऐकत नाही. हेही त्याच्याबरोबर लहान होऊन बसतात." माउलीची काळजी खोटी नव्हती. आम्ही मुलाला बोलावले आणि उपवासकाळात प्रिय वस्तूचा त्याग कसा करावा याविषयी त्याला उत्तम उपदेश केला. उत्तम होता खराच. आम्हांस अजून तो आठवतो.

१७ फेब्रुवारी १९९९, राखेचा बुधवार. कपाळावर राख घेतल्यावर तो मुलगा बुटांचा खोका घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. कापसात गुंडाळलेल्या दोन मोटारी. "तिसरी?" आम्ही विचारले. "ती पुरी नाही झाली, फादर. अर्धी कशी द्यायची?"

त्या मोटारी आम्ही अनाथ बालकांच्या एका वसतिगृहात दिल्या. पुढच्या रविवारी तिथे मिस्सा अर्पण करायला गेलो तेव्हा अंगणात एक लाल टप पडलेला दिसला. चाके नव्हती, तांब्याच्या तारा नव्हत्या. मुलांचा यत्किंचितही दोष नाही. त्यांना वाटले, मोटार आहे तर पळेल. पण ती पळण्यासाठी केलेली नव्हती. तो टप उचलून आणावा असे आमच्या मनात आले, पण आम्ही उचलला नाही.

मुलगा दहावी उत्तीर्ण झाला. त्या पुनरुत्थान सणानंतर तो वेदीसेवेला आला नाही. पुढे आय.टी.आय. केले आणि आखातात लिफ्ट बसवण्याच्या कामावर गेला. आमची बदली झाली. इतके सारे आम्ही विसरलो, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या नेमणुकीत, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्याच्या यादीत फिटरकाकांचे नाव दिसले. चाळ रिकामी झाली होती. ते लेकीजवळ जवळच भाड्याच्या खोलीत राहत होते. पत्नी निवर्तली होती. त्यांच्या हातांना कंप होता. पवित्र भाकर घेतल्यावर ते बराच वेळ डोळे मिटून बसले. आम्ही जरा धीर करून म्हणालो, "काका, त्या गाड्या आम्ही घ्यायला नको होत्या."

ते म्हणाले, "तेका गणितात पंचेचाळीस पडले मां?"

आम्ही गप्प राहिलो. मग थोड्या वेळाने तेच बोलले. संपानंतर घरात त्यांना बोलण्यासारखे काही उरले नव्हते. रात्री पहारा, दिवसा झोप. मुलाशी बोलायचे तर काय बोलणार, शाळेतले काही कळत नसे. संध्याकाळी कामावर निघण्यापूर्वी तासभर गॅलरीत गाडी घेऊन बसत तेवढेच. मुलगा विचारी, ते सांगत. कधी त्यांना कळत नसे तेव्हा मुलगा सांगे. गाड्या गेल्यावर मुलगा अभ्यासाला बसू लागला आणि तो तास गेला. "तुमका कसा कळात, फादर," ते म्हणाले, "आमकाच मागसून कळला." या बोलण्यात रागाचा अंशही नव्हता. आम्हांस मात्र राग असता तर सोपे गेले असते.

मग त्यांनी लेकीला पलंगाखालचा बिस्किटांचा डबा काढायला सांगितले. आत तिसरी फोर्ड होती. कापलेले खांब, वेगळे छप्पर, मध्ये भरायची पट्टी, कागदात बांधलेले आठ प्लग. सारे जसेच्या तसे. थिनरची नवी बाटलीही आणून ठेवलेली होती.

"माजो हात ऱ्हवणा नाय. तुमी धरा."

आम्ही चष्मा पुसला. खालचा टप डाव्या हातात, छप्पर उजव्या हातात. त्यांनी सांगितले तसे खांबांवर खांब टेकवले. लेकीने ब्रशाच्या टोकाने एकेका सांध्यावर थिनरचा थेंब सोडला. तो फटीत आपोआप शिरताना दिसला. "आता हलवू नका." किती वेळ, असे विचारायची सोय नव्हती. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. पुढच्या घरी एक आजी कम्युनियनसाठी उपाशी थांबल्या होत्या, हे आम्हांस आठवत होते. बोटे आखडली, तरी आम्ही धरून राहिलो. शेवटी काका म्हणाले, "सोडा."

लेकीने मोबाईलवर छायाचित्र काढून भावाला पाठवले. दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी आले, तेही एवढेच : उजवी बाजू अर्धा मिलिमीटर वर आहे.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा काकांनी सांधा पुन्हा कापून ठेवला होता. या खेपेस आम्ही आजींच्या घरी आधी जाऊन आलो होतो.