वारा कापणाऱ्या गाड्यांच्या गावी

पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारे दोनशे किलोमीटरवर ल माँ नावाचे शहर आहे. रोमन काळचा तट, उंच कॅथीड्रल, फरसबंद अरुंद गल्ल्या, असे रसिक प्रवाशाने पाहावे असे तेथे पुष्कळ आहे. ते सारे मी पाहिले. पण लिहायचे आहे ते गावाबाहेरच्या एका सरळ रस्त्याविषयी. ज्ञानेश्वरी शिकविणाऱ्या माणसाला मोटारींच्या शर्यतीचे काय सोयरसुतक, असे आमच्या मंडळींनीही विचारले. भाचा तिकडे नोकरीला आहे, त्याने गाडी काढली, आणि आम्ही निघालो. एवढेच माझे उत्तर.

ल माँची चोवीस तासांची शर्यत १९२३ साली सुरू झाली. तिच्या वाटेतला म्युल्सानचा सरळ पट्टा जवळजवळ सहा किलोमीटरचा. एरवी हा तूर गावाकडे जाणारा साधा सार्वजनिक रस्ता! दुतर्फा झाडे, अधूनमधून घरे, मालाचे ट्रक. शर्यतीपुरता तो बंद करतात. अशा लांब पट्ट्यावर खरा वैरी वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. तेव्हा नुसते दांडगे इंजिन बसवून भागत नाही. गाडीचा आकारच असा हवा, की वाऱ्याने मुकाट्याने वाट द्यावी.

या आकारापायी माणसांनी काय काय केले! १९५० साली ब्रिग्ज कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन हौशी गृहस्थाने दोन कॅडिलॅक आणल्या. एक जवळजवळ दुकानातून उचलल्यासारखी. दुसरीला विमानांच्या कारखान्यातल्या एका इंजिनियराच्या मदतीने असे बसके, रुंद अंग चढविले, की फ्रेंचांनी तिचे नाव राक्षस ठेवले. निकाल? साधी गाडी दहावी, राक्षस अकरावा! ही गोष्ट आमच्या मंडळींना सर्वांत आवडली.

जग्वारच्या माल्कम सेयरचे मात्र साधले. हाही विमानांच्या धंद्यातून आलेला. त्याच्या डी-टाइप गाडीच्या चालकाच्या डोक्यामागे माशाच्या कल्ल्यासारखा उभा पंख असे. भरवेगात गाडीचे शेपूट भरकटू नये, हा त्याचा उपयोग. १९५५, ५६ आणि ५७ अशी लागोपाठ तीन वर्षे या गाडीने शर्यत मारली. पण १९५५चा तो विजय कोणी आनंदाने आठवीत नाही. त्या वर्षी मर्सिडीजने आपल्या गाड्यांना चालकामागे एक मोठे झाकण बसविले होते. वेग आवरायचा झाला की ते उभे राही आणि वाराच ब्रेक होई. युक्ती नामी होती. पण त्यांतलीच एक गाडी दुसरीवर आदळून प्रेक्षकांच्या बाजूला उसळली. चालक लव्हे आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. मर्सिडीजने उरलेल्या गाड्या रात्रीच मागे घेतल्या. शर्यत मात्र चालूच राहिली.

मला स्वतःला चटका लावून गेली ती पोर्शच्या ९१७ची हकीकत. १९६९ साली ही गाडी आली. लांब शेपटीची, गुळगुळीत, डोळ्यांत भरणारी. वारा तिला अडवीत नसे. पण तो तिला उचलीत असे. विमानाच्या पंखावर चालते तेच येथे घडे. भरवेगात मागची चाके हलकी पडत आणि गाडी रस्ताभर झुलू लागे. निष्णात चालकही तिच्यात बसायला कचरत. जॉन वूल्फ नावाचा इंग्रज हौशी चालक त्या वर्षी पहिल्याच फेरीत तिच्यात मरण पावला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियातील एका मार्गावर तिची तपासणी चालली होती. तेथे जॉन हॉर्समन या इंग्रज इंजिनियराचे लक्ष एका क्षुल्लक गोष्टीकडे गेले. गाडीच्या अंगावर चिलटे चिरडून चिकटली होती. मागच्या पट्ट्या मात्र स्वच्छ! चिलटे तेथवर पोहोचत नाहीत, म्हणजे वाराही पोहोचत नाही. मग त्या पट्ट्या गाडीला खाली दाबणार कशा? त्याने ॲल्युमिनियमचे पत्रे मागवून जागच्या जागी शेपूट उंच करविले. गाडी वळणावर आली. पुढे शेपूट आखूड, वर उचललेले असे कायम झाले. वाऱ्याचा विरोध थोडा वाढला, सरळ पट्ट्यावरचा कमाल वेग थोडा गेला. पण १९७०ची शर्यत त्याच गाडीने जिंकली. पोर्शचा तेथला तो पहिला निर्भेळ विजय. १९७१ साली याच जातीच्या गाडीने चोवीस तासांत ५,३३५ किलोमीटर तोडले. तो विक्रम २०१०पर्यंत टिकला.

१९९० साली म्युल्सानच्या पट्ट्यावर वेग मोडण्यासाठी दोन वळणे घातली. त्यांपैकी एकाजवळ आम्ही थांबलो. भाच्याने समोरच्या काचेवर पाण्याची पिचकारी मारून चिकटलेले किडे धुवायला घेतले. मी म्हटले, ‘‘अरे, थांब जरा,’’ आणि उतरून आधी मागची काच पाहून आलो.