दादा, तुमची साक्ष

नेमणुकीच्या पत्रात पगार होता, सुट्ट्या होत्या. यूथ पास्टरनं नेमकं करायचं काय, तेवढंच नव्हतं. पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "पोरं टिकवा जी, बाकी देव पाहून घेते." तरुण संघाची सेक्रेटरी त्यांच्याहून व्यवहारी. "दादा, शनिवारी तुमची साक्ष ठेवून राहिलो आम्ही. लांबवू नका फक्त."

साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं, ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. लहानपणापासून मी साक्षी ऐकत आलो. कुणाची दारू सुटलेली, कुणी डॉक्टरांनी हात टेकल्यावर खाटेवर उठून बसलेला. माझ्याकडे यातलं काहीच नाही. पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर घरात कुणाला काही ठरवावंच लागलं नाही. पाळण्यात असताना बाप्तिस्मा, मग संडे स्कूल, दृढीकरण, डिसेंबरातल्या रात्री नागपूरच्या मोहननगर-सदरमध्ये कॅरल्स गात फिरणं आणि घरोघरचा केक. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा आजी तिथं हजर होती. त्या ऐतिहासिक दिवसातली तिला आठवते ती गर्दीत हरवलेली चप्पल. अशा घरात साक्ष कुठून पिकणार?

धीर यावा म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली आणि उरलासुरला धीरही गेला. त्यांचे यजमान ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एक गोरा प्रवासी भेटला, त्यानं नवा करार हातात दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नातलग, जात सगळं तुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मीही नागपूरहूनच गाडीनं सेमिनरीला गेलो. ही युनियन बिब्लिकल सेमिनरी आधी आमच्या विदर्भातच, यवतमाळला होती. १९८३ साली पुण्याला गेली. माझ्या प्रवासात भेटलेल्या माणसानं खालचा बर्थ तेवढा मागितला.

शेवटी शनिवारी जे होतं ते सांगितलं. डिप्लोमा करून हिंगण्याच्या एमआयडीसीत लागलो होतो. आमच्या तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांना रात्री नीट दिसत नसे. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की त्यांना स्कूटरवर मागे बसवून न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण घर जवळ होतं. सुरुवातीला मी बाहेर फाटकाशी थांबायचो. मग थंडीमुळे ओसरीवर. मग एकदा त्यांचा चष्मा घरी राहिला आणि स्तोत्र मला वाचावं लागलं. त्या घरातली बाई दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आली. काल वाचलेलं पुन्हा वाचा, म्हणाली. पाळक गावाला गेले होते. मी वाचलं. नोकरी सोडली ती बऱ्याच नंतर, आणि कुठलाही आवाज वगैरे न ऐकता.

पोरं गप्प. मग मागच्या रांगेतल्या एकानं हात वर केला. "दादा, फॉर्मवर धर्म काय लिहू?"

हे सेमिनरीत शिकवलेलं नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती नाहीत. हे विचारणाऱ्या पोराचा वर्गमित्र बौद्ध, दोघांचे पणजे एकाच वस्तीतले, एकाच विहिरीवरून हाकललेले; एकाला सवलत, दुसऱ्याला नाही. शेजारची मंडळी रविवारी चर्चला आणि कागदावर हिंदू. खरं लिही, असं मी म्हणू शकलो असतो. पण माझा पगार चर्च देतं. मला खरं लिहायला काय लागतं? मी म्हणालो, सोमवारी ये, तुझ्या वडलांनाही घेऊन ये. आता असे तिघं-चौघं येत राहतात. उत्तर अजून निघालेलं नाही, आणि पाप-पुण्याचा निवाडा आधी त्या आदेशाचा करावा असं माझं मत होत चाललंय.

सेक्रेटरीनं विषय बदलला. "दादा, तुमचे छंद?" क्रिकेट म्हणालो असतो तर सुटलो असतो. मी म्हणालो, दगड. हशा. त्यातली निम्मी पोरं हिस्लॉप कॉलेजची, म्हणून विचारलं, हिस्लॉप कोण? कुणालाच ठाऊक नाही. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ साली नागपुरात आला, पुढच्या वर्षी शाळा काढली. उरलेल्या वेळात टाकळीच्या दगडांतले जीवाश्म वेचायचा, गोंडी गाणी उतरवून घ्यायचा. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडाला. घोडा एकटाच परतला.

"म्हणजे ऑन ड्यूटी का सुट्टीवर?" एकीनं विचारलं. यावर जी जुंपली, तशी माझ्या साक्षीवर जुंपली नव्हती.

मग काटोल रोडला जुनापाणीची शिळावर्तुळं पाहायला पोरं माझ्यासोबत आली. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांभोवती मांडलेले काळे धोंडे, माळावर दूरवर पसरलेले. पृथ्वी सहा दिवसांत झाली तर हे बेसाल्ट कोणत्या वारी थंड झालं, हे तिथं विचारलं गेलं. दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न करायचं असेल तर घरी आधी आईला सांगायचं का बाबांना, हेही तिथंच, धोंड्यावर बसून संत्री सोलता सोलता. मी उत्पत्तीवर बरंच बोललो. लग्नाबद्दल मात्र बहुतेक ऐकतच राहिलो.

परत आल्यावर खजिनदार काकाजींपुढं बसचं बिल ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "कोणत्या खात्यात टाकू? सहल म्हणाल तर पैसे नाहीत. आत्मिक उन्नती म्हणाल तर कमिटी विचारेल, दगड पाहून कोणती उन्नती झाली." बिल अजून त्यांच्या टेबलावरच आहे. पोरांनी तोवर टाकळघाटची तारीख ठरवून टाकली आहे.