आत्याचे फुकटचे विमान

गेल्या मे महिन्यात परीक्षा संपताच मी भोपाळला आत्याकडे गेलो. बेळगावहून भोपाळला जाणे तसे सोपे आहे. संध्याकाळी गोवा एक्सप्रेसमध्ये बसावे, रात्र झोपून काढावी, दुसरा दिवस मनमाड, भुसावळ, इटारसी अशी स्टेशने मोजत घालवावा, की रात्री भोपाळ येते. कुठे गाडी बदलावी लागत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हिशेबात ही गाडी पुन्हा यायची आहे.

आत्या लग्न होऊन तिकडे गेली त्याला पस्तीस वर्षे झाली. 1956 च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूरकडची पुष्कळ मराठी नोकरदार मंडळी बिऱ्हाडे घेऊन तिथे आली. आतोबांचे वडील नागपूरच्या कचेरीतून आलेल्यांपैकी. आतोबा स्वतः ‘भेल’च्या कारखान्यातून निवृत्त झाले. पिपलानीकडे त्यांचे घर आहे. आत्या आता भाजीला सब्जी आणि पिशवीला थैली म्हणते; पण रागावली की पस्तीस वर्षे गळून पडतात आणि अस्सल शहापुरी मराठी बाहेर येते.

आमची आजी शहापेठेला, म्हणजे आमच्या शहापुरात, खाटेवर आहे. वय शहाऐंशी. फोनवरचा आवाज तिला ओळखू येत नाही. दर दोन दिवसांनी ती विचारते, “पोरगी कधी येणार की?” आत्याच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले. स्टेशनचा जिना, हलत्या डब्यातील संडास यांचा तिने धसका घेतला होता. तेव्हा आमच्या आतेभावाने, म्हणजे दादाने, जाहीर केले, “आईला मी विमानाने पाठवतो. आणि तेही फुकट.”

बाबा फोनवर म्हणाले होते, “तिकिटाचे पैसे मी धाडतो.” दादाने ते मानले नाही. “मामा, एक पैसा लागत नाही. कार्डावर मिळतंय.”

दादाजवळ एक क्रेडिट कार्ड आहे. त्यावर बँकेचे नाव आणि विमान कंपनीचे नाव शेजारीशेजारी छापलेले. लग्नपत्रिकेवर दोन घराण्यांची असतात तसे. कोपऱ्यात विमानाचे चित्र. शंभर रुपये खर्च केले की काही गुण जमा होतात आणि वर्षभरात दीड लाखाचा खर्च झाला की एक तिकीट मिळते. वर्षाची फी पंधराशे. दादा एम. पी. नगरमध्ये एका खासगी कचेरीत काम करतो. त्याचा स्वभाव उधळा नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. वीजबिल, किराणा, पेट्रोल, मुलीची शाळेची फी, सगळे तो त्या कार्डावर भरत असे आणि एका डायरीत बेरीज लिहीत असे. मी गेलो तेव्हा बेरीज एक लाख सव्वीस हजारांवर आली होती आणि कार्डाचे वर्ष जूनअखेर संपत होते.

एका संध्याकाळी आम्ही न्यू मार्केटमध्ये गेलो. वहिनीला साडी घ्यायची होती. साडी ठरली, घडी झाली, दादाने कार्ड पुढे केले. दुकानदार म्हणाला, “भैया, कार्ड से दो परसेंट ऊपर लगेगा. फोन से कर दो.” दादा चिडला. असे जादा पैसे मागता येत नाहीत, तक्रार करीन वगैरे बोलला. दुकानदारही हट्टाला पेटला. शेवटी साडी तिथेच राहिली.

मी दादाच्या बाजूला उभा होतो, पण मनाने पलीकडे गादीवर बसलो होतो. आमचे शहापुरात कापडाचे दुकान आहे. यूपीआयने पैसे आले तर काही कापले जात नाही. 2020 पासून सरकारने तो आकार शून्य केला आहे. क्रेडिट कार्ड घासले, तर शंभराला दोन रुपयांच्या आसपास मधल्यामध्ये जातात. बाबा जादा मागत नाहीत, तक्रारही करीत नाहीत. रात्री कीर्द लिहिताना फक्त ‘मशीनकडे गेले’ असे एक सदर भरतात. ते दोन रुपये कुठे जातात, हे मी बी. कॉम.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत कधी विचारले नव्हते. आमच्या अकौंटन्सीच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितले होते की, जमेला नावे असतेच; दुसरी बाजू दिसत नसेल, तर ती दुसऱ्या कुणाच्या वहीत आहे असे समजा. दादाच्या तिकिटाची दुसरी बाजू आमच्या वहीत होती!

त्या दोन रुपयांतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. बँक त्यातून विमान कंपनीकडून गुण घाऊक भावात विकत घेते आणि ग्राहकाला ‘बक्षीस’ म्हणून देते. कंपनीला रोख आज मिळते, आसन द्यायचे पुढे कधीतरी. आणि तेही पुष्कळदा रिकामे जाणारे. ही युक्ती मूळची अमेरिकेतली. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये प्रवाशांना मैल जमवायला शिकवले आणि 1987 मध्ये सिटी बँकेबरोबर कार्ड काढले. पुढे या धंद्याला केवढी किंमत आली पाहा : 2021 मध्ये, करोनाने विमाने जमिनीवर बसवली असताना, त्या कंपनीने हीच मैलांची योजना तारण ठेवून दहा अब्ज डॉलर उभे केले. आपल्याकडे एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ 1994 ची. मग जेटची, किंगफिशरची, विस्ताराची, इंडिगोची कार्डे आली. किंगफिशर 2012 मध्ये बसली, जेट 17 एप्रिल 2019 रोजी. जेटच्या सभासदांचे मैल दुसऱ्या नावाने शिल्लक राहिले, पण ज्या विमानासाठी ते जमवले ते विमानच नव्हते. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे गुण ‘महाराजा क्लब’मध्ये वळते झाले. कंपनीच्या ताळेबंदात हे गुण देणे म्हणून दिसतात. मात्र एका तिकिटाला किती गुण लागतील, हे ठरवणारी कंपनीच. कर्ज फेडण्याचे नाणे ऋणकोने स्वतःच पाडायचे, असा हा प्रकार आहे. आम्हां कॉमर्सवाल्यांना याची गंमत वाटावी. दादाला वाटत नसे.

जून उजाडला. चोवीस हजार कमी पडत होते. दादाने सव्वीस हजारांचा टीव्ही घेतला. जुना टीव्ही चालू होता. आतोबा त्यावर रोज बातम्या पाहत. नवा आल्यावर ते म्हणाले, “बातम्या त्याच आहेत.”

तिकीट मिळाले. दादाने त्याचे चित्र आम्हां सर्वांना धाडले. बाबांनी ते आजीला दाखवले.

ऑगस्टमध्ये दादाचा रात्री फोन आला. आवाज खालचा होता. “तू कॉमर्सवाला आहेस. जरा बिलं बघतोस? घरात कुणाला बोलू नकोस.” टीव्हीच्याच महिन्यात मुलीची फी आली होती. एकूण बिल 41,300 रुपये झाले. खाली ‘किमान देय रक्कम’ 2,065 अशी छापलेली. दादाने ती भरली आणि सुटकेचा श्वास सोडला. किमान रकमेवर भागवत राहिलात तर फेड लांबत जाईल आणि व्याज चढेल, अशी सूचना बिलावर छापण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूचना होती. दादाने ती वाचली नव्हती. आपण बसच्या तिकिटामागचे नियम वाचतो का?

राहिलेल्या 39,235 रुपयांवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे 1,373 रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, 247. महिन्याला 1,620. साडेतीन हा आकडा दिसायला किती गरीब! बाराने गुणा, बेचाळीस होतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये तीस टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवले होते; सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो आदेश रद्द केला. शिवाय एकदा बाकी राहिली की, नव्या खरेदीवरची पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलतही जाते. दुसऱ्या दिवशी आणलेल्या दुधाच्या पिशवीवरसुद्धा व्याज चालू.

मी वहीचे पान दुभागले. जमेकडे तिकीट : त्या दिवसाचे भाडे 5,400, पण कर व इतर आकार दादालाच भरायचे होते, सुमारे 900. म्हणजे खरा लाभ 4,500. नावेकडे तीन महिन्यांचे व्याज ढोबळमानाने 4,860, आणि वार्षिक फी जीएसटीसह 1,770. बेरीज 6,630. तोटा 2,130 रुपये. टीव्ही मी यात धरलाच नाही. गोवा एक्सप्रेसचे थ्री एसीचे तिकीट दोन हजारांच्या आसपास असते.

दादाला मी आकडे वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण आईला विमानात बसवायचं होतं रे.” यावर कोणत्या सदरात काय लिहावे मला कळले नाही. त्याने आत्याला न सांगता आपली एक छोटी ठेव मोडली आणि बाकी एकदम फेडली. तेवढे शहाणपण त्याच्याजवळ होते.

न्यायाचे म्हणून सांगतो : या कार्डांत सगळेच बुडतात असे नाही. दादाचाच एक सहकारी महिन्यातून एकदा कचेरीच्या कामाने दिल्लीला जातो, बिल तारखेआधी पूर्ण भरतो, आणि गुणांवर बायकामुलांना गोव्याला नेऊन आणतो. त्याला लाभ होतो. फक्त त्याचा लाभ दादासारख्यांच्या व्याजातून आणि आमच्यासारख्यांच्या गल्ल्यातून येतो, एवढेच.

आमच्या दुकानात दोन भाषांत व्यवहार चालतो. मराठी गिऱ्हाईक उधारी म्हणते, कन्नड गिऱ्हाईक उद्री म्हणते. फुकटला कन्नडात पुक्कटे म्हणतात. हे दोन्ही शब्द असे भाऊभाऊ आहेत. व्याजाला मात्र ते बड्डी म्हणतात, तिथे नाते तुटते. बाबांच्या उधारीला व्याज नसते, गुणही नसतात. दिवाळीला एक कॅलेंडर असते.

नोव्हेंबरात आत्या आली. ते विमान मुंबईपर्यंतच होते, कारण त्या कंपनीचे विमान आमच्या सांबऱ्याला उतरत नाही. मी मुंबईला उतरवून घ्यायला गेलो आणि रात्रीच्या गाडीने तिला घेऊन आलो. म्हणजे जो जिना आणि जो संडास टाळायचा होता, तो दादरला भेटलाच. आत्या जिना हळूहळू चढली. “चढता येतंय की रे,” असे स्वतःशीच म्हणाली. बोर्डिंग पास तिने पाकिटात जपून ठेवला होता. आजीने तिला आधी ओळखले नाही. मग तिचा हात चाचपला, बांगड्या मागेपुढे केल्या आणि म्हणाली, “किती वाळलीस गं बाय.” आत्या तशी चांगली जाड आहे.

दोन दिवसांनी आत्या दुकानात येऊन बसली होती. लग्नसराई होती. चिकोडीकडच्या एका गिऱ्हाईकाने सहा हजारांचे कापड घेतले आणि कार्ड पुढे केले. कोपऱ्यात विमान. आत्याने लांबूनच ओळखले. “अरे, हे तर आमच्या घरचंच! ह्याच्यावरच मी आले, फुकट.”

बाबांना गुणांचा व्यवहार मी पूर्वीच समजावून सांगितला होता. दादाच्या व्याजाचे तेवढे बोललो नव्हतो. (आपला हा अंक भोपाळला जात नाही, म्हणून इथे लिहितो आहे.) बाबांनी मशीनमधून आलेली चिठ्ठी पाहिली, आत्याकडे पाहिले आणि हसत म्हणाले, “फुकट कुठलं? शंभर-सव्वाशे मी घातलेत त्यात.”

आत्याला ते कळले नाही. तिने परतीचे तिकीट कधीचे काढायचे ते विचारले. बाबा म्हणाले, “गोवा एक्सप्रेसचं काढलंय, खालचा बर्थ. पोरगा येईल सोडायला.” आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी ठाण उलगडले.