तळ्याकाठचा पावसाळा

सौंसर, श्रावण वद्य त्रयोदशी

तळ्याच्या पाळीलगतची आमची कौलारू खोपटी वडिलांनी मुद्दाम उंचवट्यावर बांधली. कारण सांडव्यात अडकलेला पालापाचोळा वेळीच उपसला नाही तर पाणी पाळीवरून वाहू लागते, आणि मातीची पाळ एकदा वरून झिजू लागली की कोणताही बंदोबस्त तिला सावरीत नाही. रात्रीच्या वादळाने पश्चिमेकडची कौले सरकली. ती उद्या बसवता येतील. संत्र्याच्या बागेची गोष्ट निराळी. बुंध्याशी साचलेले पाणी या झाडाला मुळीच सोसवत नाही: आधी मुळे कुजतात, मग सालीतून डिंक पाझरतो, म्हणून सकाळी प्रथम ओळींमधले चर मोकळे केले, मोरचूद-चुन्याचा लेप मात्र उघाड मिळाल्यावर. २०२०च्या ऑगस्टअखेर पेंच-कन्हानला महापूर आला, तेव्हा पडलेल्या भिंतींचे पंचनामे झाले. पण पुढे सावकाश वाळणाऱ्या झाडाला सरकारी दप्तरात रकाना कुठला असणार!

परवा पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळस रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार, म्हणजे एकमेकांवरची दगडफेक, व्हायची आहे. नदी अशीच फुगलेली राहिली तर पळस रोवायचा कुठे, ही आमच्या गड्याची विवंचना. "मालक, दगड चुकवता येतो," असे म्हणून तो फावडे घेऊन सांडव्याकडे निघाला.