मागून लागलेले इंजिन

कर्जतला वाढलेल्या माणसाला गाडीला मागून इंजिन लागण्याचे नवल नसते. मुंबईहून पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी येथे थांबते, तिच्या मागे बँकर इंजिने जोडली जातात आणि १८६३ साली खुला झालेला बोरघाट ती चढू लागते. चढही असा की ३७ फुटांना १ फूट! तेवढ्या वेळात उतारू बटाटेवडे घेऊन मोकळे होतात. पण क्रियापदालाही अशीच मागून इंजिने लागतात, हे मला स्पॅनिश शिकू लागल्यावर कळले.

स्पॅनिश कशाला, असे घरी सर्वांनी विचारले. फोर्टातल्या पदपथावर एक जुने पुस्तक स्वस्तात मिळाले आणि लोकलचे दोन तास रोज हाताशी होते, याहून मोठे कारण माझ्यापाशी नव्हते. पुढे मात्र वाटू लागले की ही भाषा अगदीच परकी नाही. आपले बटाटा, पाव, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. आपल्याच जिल्ह्यात, मुरूड तालुक्यातल्या कोर्लईला, पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही बोलली जाते.

सातव्या धड्यात माझी गाडी अडली. शब्द होता 'दामेलो'. शब्दकोशात तो सापडेना. सापडणार कसा? तो एक शब्द नव्हताच. 'दा' म्हणजे दे, 'मे' म्हणजे मला आणि 'लो' म्हणजे तो किंवा ते. सारे मिळून 'ते मला दे'. लिहिताना 'दा'वर एक तिरकी रेघ द्यायची, कारण मागे डबे लागले तरी उच्चारातला जोर मूळ जागेवरून हलत नाही. 'देऊ नकोस' म्हणायचे झाले, की हीच सर्वनामे मागून सुटून पुढे येतात : 'नो मे लो देस'. आणि 'ते त्याला दे' किंवा 'ते तिला दे' म्हणायचे, तर 'ले' आणि 'लो' शेजारी नांदत नाहीत. 'ले'चा 'से' होतो आणि शब्द बनतो 'दासेलो'.

आमच्या संस्कृतच्या बाईंना हे मोठ्या ऐटीत सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "अगं, 'देहि मे' विसरलीस वाटतं!" खरेच की! तोच 'दा' धातू, तोच 'मे'. आणि बाईंच्या 'विसरलीस'मधला शेवटचा 'स' तरी काय, 'तू' न म्हणताही माझ्याकडे बोट दाखवीतच होता. मी खाली मान घातली.

याच सुमारास चौकला काकांकडे राहणाऱ्या आजीला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. उरला एकच शब्द : "दे". तिने "दे" म्हटले की आम्ही पाणी द्यायचो, चष्मा द्यायचो, जपमाळ द्यायचो. ती मान हलवायची, पुन्हा "दे" म्हणायची, आणि शेवटी डोळ्यांतून पाणी काढायची. पाहुणे म्हणत, "म्हातारपणी हाव सुटते." ते ऐकून काकू गप्प उठून आत जायची.

एका रविवारी मी कर्जतहून वडे घेऊन एसटीने चौकला गेले. आजीला एक वडा कुस्करून भरवला. दुसरा पुढे केला, तर तिने तोंड फिरवले आणि म्हणाली, "दे." मी पुन्हा घास पुढे केला. पुन्हा "दे", या वेळी रागाने. मी वैतागलेच. आणि मग, का कोण जाणे, मला सातवा धडा आठवला. क्रियापद तर आहे. पण काय द्यायचे आणि कोणाला द्यायचे, ही मागची दोन्ही इंजिने सुटून पडली आहेत. 'काय' ते हातात होते. 'कोणाला' हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. सगळे 'मला'च धरून चाललो होतो.

मी आजीची नजर गेली तिकडे पाहिले. दारात काकू उभी होती. पहाटेपासून आजीचे सारे करून दुपार झाली, तरी उपाशीच.

"आजी, काकूला देऊ?" मी विचारले.

आजीने डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा निवला. काकूने वडा घेतला खरा, पण तो तिच्या घशाखाली लवकर उतरेना.

जन्मभर दुसऱ्यांच्या ताटात वाढणारी माझी आजी. तिचा 'दे' मागण्याचाच असेल, असे आम्ही कशावरून ठरवले?

त्या दिवसापासून तिचा प्रत्येक 'दे' मला कळला, असे नाही. पण आधी तिच्या नजरेकडे पाहायची सवय घरात सर्वांना लागली. संध्याकाळी परतीच्या एसटीत मी वही उघडली आणि शब्दांच्या यादीत लिहिले : दासेलो. आज्ञार्थ, एकवचन. अर्थ : ते काकूला दे.