लगाम सैल

निचनई खिंड ओलांडून विशनसरच्या काठी तंबू पडले. सोनमर्ग सोडल्यापासून घोडेवाले चाचा एकच सांगताहेत: चढावर पुढे झुका, उतारावर मागे रेला, लगाम सैल ठेवा. दगडधोंड्यांतली वाट घोडा स्वतः निवडतो. आपण ओढाताण केली की त्याचा तोल जातो. ऑफिसात प्रत्येक गोष्टीवर मूठ आवळून बसणाऱ्या मला हे जड जातंय.

खोगीर उतरवल्यावर चाचा आधी घोड्याची पाठ तपासतात, मग त्याला चरायला सोडतात. स्वतःचा चहा त्यानंतर.

उद्या सुमारे ४,२०० मीटरवरची गडसर खिंड. पुढे हरमुखच्या पायथ्याशी गंगाबल, शेवटी नारानाग. तीव्र उतारावर मात्र पायउतार व्हावं. घोडा भाड्याने मिळतो. त्याचे गुडघे आपण विकत घेतलेले नसतात.