शिक्का आणि पाकीट

दिल्लीत नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाला भुसावळचे नाव ऐकले की अर्धे घर गाठल्यासारखे वाटते. आमचे करोलबागेतील एक वृद्ध स्नेही तर जन्मानेच भुसावळचे. त्यांचे वडील रेल्वेच्या टपालसेवेत सॉर्टर होते. १८६३ साली अलाहाबाद-कानपूर गाडीत जी प्रथा पडली, तीच त्यांची उपजीविका झाली : रात्रभर धावत्या डब्यात उभे राहून पत्रे खणांत लावायची आणि शिक्के मारायचे.

परवा हे स्नेही एक जुने पाकीट घेऊन आमच्याकडे आले. बरेच पैसे मोजून त्यांनी ते जुन्या बाजारात घेतले होते. वर १६ एप्रिल १९५३ रोजी निघालेले, भारतीय रेल्वेच्या शताब्दीचे दोन आण्यांचे तिकीट आणि त्यावर रेल्वे टपालाचा गोल शिक्का. "अहो, बाबांच्या हातचा असेल का हो हा?" त्यांनी विचारले.

आम्ही भिंग काढले. तिकिटांचा नाद आम्हांला कचेरीतल्या फायलींइतकाच जुना. शिक्क्याची तारीख तिकीट निघाल्यानंतरचीच होती. विभागाचे अक्षर, क्रमांक आणि 'आउट' ही खूणही यथास्थित. ठशाच्या दाबाने शाई तंतूंत मुरलेली होती. धावत्या डब्यातला शिक्का थोडा हललेला असतो, तसा हाही होता. तिकिटापुरते सारे निर्दोष.

पण शिक्क्याचे वर्तुळ तिकिटाच्या दात्यांवरून पाकिटावर उतरले, तिथे आमचे मन अडखळले. कागदावरची कमान किंचित निळसर होती, तिची जाडी सर्वत्र सारखी होती आणि ती तिकिटावरच्या रेघेला केसभर चुकवून निघाली होती. ती टाकाने काढलेली होती. तिकीट खरे, त्यावरचा शिक्का खरा. पाकीट मात्र दुसऱ्याच कुणाचे.

सांगावे की न सांगावे? समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पोर बापाची वाट पाहत होते. खोटे बोलणे किती सोपे होते! पण आयुष्यभर ज्याच्या बापाने चुकीच्या खणात पत्र पडू दिले नाही, त्याच्यापुढे आम्हांला ते धजले नाही. आम्ही सांगितले.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग हसून म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखेच की! शिक्का तिकडचा, पाकीट इकडचे. आणि मधली रेघ आपणच ओढून घेतलेली."

आम्हांला उत्तर सुचले नाही. आमची नातवंडे शेजारच्या खोलीत हिंदीत भांडत होती.

जाताना त्यांनी पेन्सिल मागितली आणि आल्बमच्या पानावर सावकाश लिहिले : 'तिकीट खरे. शिक्का खरा. पाकीट परके.' थोडे थांबून खाली आणखी एक ओळ घातली : 'बाबांचा असू शकेल.'

ती ओळ आम्ही तपासली नाही.